लोकमा म्हणजे घास

तुर्कस्तानात गेल्यावर काय काय गोड खायचे याची यादी माझ्या मावसबहिणीने निघण्याच्या महिनाभर आधीच तयार केली होती. यादीत दहा नावे, प्रत्येक नावापुढे शहर आणि शेवटी एक रिकामा चौकोन. पदार्थ खाऊन झाला की चौकोनात खूण करायची. अशा याद्यांविषयी माझ्या मनात जुनी अढी आहे. अभ्यासक्रमाला ‘नेमलेल्या’ पुस्तकांचे जे होते, तेच यादीतल्या पदार्थांचे होत असावे. ती वाचून ‘होतात’, वाचली जातातच असे नाही. पण त्या यादीकडे मी दुर्लक्ष केले त्याचे कारण हे एवढेच नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये आई गेली आणि तेव्हापासून माझे गोड सुटले होते. काशीला जाऊन एखादी आवडती वस्तू सोडतात तसे मी ते सोडले नव्हते. संकल्प नाही, पाणी सोडणे नाही. सुटले होते, इतकेच. मे २०२४ मध्ये आम्ही निघालो तेव्हा त्याला नऊ महिने झाले होते आणि घरात कोणाच्या ते लक्षातही आले नव्हते.

आई अठरा वर्षे मधुमेही होती. शेवटची चार वर्षे ती माझ्याकडे राहिली आणि त्या काळात साखरेच्या डब्याची राखण माझ्याकडे आली. हे काम मी फार चोख केले, असे आज म्हणावे लागते. दिवाळीत ती स्वतः चिरोटे लाटायची, साटा लावून वळकटी करायची, तळताना पापुद्रे सुटले की लहान मुलीसारखी हरखायची. आणि ते पिठीसाखरेत घोळवून झाले की मी डबा उचलून वरच्या फळीवर ठेवायची. २०२२ च्या दिवाळीत पाहुण्यांसमोर तिने ताटातला चिरोटा उचलला तेव्हा मी तिच्या हातून तो काढून घेतला, मोडला आणि अर्धा परत दिला. पाहुणे हसले. आईही हसली. तिने तो अर्धा खाल्ला की नाही हे मला आठवत नाही, आणि हे न आठवणे मला अधिक छळते.

दहाव्या दिवशी नदीवर पिंडाला कावळा शिवेना. या गोष्टींवर माझा विश्वास नाही. वर्गात तर मी त्यांच्याकडे लोकतत्त्वाचे उदाहरण म्हणूनच पाहते. तरीही त्या घाटावर, ऑगस्टच्या दमट उन्हात, समोरच्या झाडावर तीन कावळे बसलेले दिसत असताना आणि त्यातला एकही खाली येत नसताना मी जे अनुभवले त्याला अविश्वासाचा काही उपयोग झाला नाही. दादाने सगळी आश्वासने देऊन पाहिली: घर विकणार नाही, धाकटीचे लग्न नीट करू, तुझ्या भांड्यांची वाटणी भांडणाविना करू. मग मामा माझ्याकडे न पाहता म्हणाले, “तिला गोड ठेवा रे काहीतरी.” कोणीतरी धावत जाऊन पेढे आणि जिलबी आणली. तासभर आम्ही थांबलो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि विधी उरकला. यातला मामांचा शब्द मला लागला होता, हे मी कोणालाच बोलले नाही.

असो. सांगायचे आहे ते तिथल्या मिठायांविषयी.

इस्तंबूलमध्ये दुधाच्या गोड पदार्थांची वेगळी दुकाने असतात. त्यांना ‘मुहाल्लेबिजी’ म्हणतात. संगमरवरी टेबले, काचेच्या कपाटात ओळीने मांडलेल्या वाट्या, दुपारी चारच्या सुमाराला पोक्त बायका आणि शाळेतून परतणारी मुले. आपल्याकडच्या जुन्या दुग्धालयाची आठवण यावी असे एकंदर वातावरण. तिथे बहिणीच्या यादीतले पहिले नाव आले: ‘कझानदिबी’. शब्दशः अर्थ कढईचा तळ. दूध, साखर आणि तांदळाचे पीठ किंवा स्टार्च यांचा घट्ट शिजवलेला लगदा मुद्दाम तळाशी करपवायचा आणि मग तो थर खरवडून, गुंडाळून, करपलेली तपकिरी बाजू वर ठेवून वाढायचा. माझ्या तोंडून आपोआप निघून गेले, “ही तर खरवड!” बासुंदी आटवल्यावर कढईला जी चिकटते, जिच्यासाठी भावंडांची भांडणे होतात आणि जी पाहुण्यांच्या पानात कधी जात नाही, ती. आपल्याकडे खरवड हा स्वयंपाकातला अपघात आहे आणि मुलांचा हक्क. तुर्की माणसाने तिला नाव दिले, बशी दिली, काटा-चमचा दिला. भाषेत जसे एखाद्या बोलीतल्या शब्दाला लेखकाने उचलून ग्रंथात नेऊन बसवावे, तसे काहीसे.

या कझानदिबीचे मूळ ‘तावुक ग्योसू’ नावाच्या पदार्थात आहे, आणि त्याचा अर्थ कोंबडीचे काळीज फाटावे असा साधा आहे: कोंबडीची छाती. उकडलेल्या कोंबडीचे मांस धाग्याधाग्याने इतके बारीक सोडवतात आणि दुधात इतके घोटतात की चवीला ते मांस राहतच नाही. फक्त एक चिवट, रेशमी ताण उरतो. मध्ययुगीन युरोपातही दूध, तांदूळ आणि कोंबडी यांचे असेच गोड पक्वान्न श्रीमंतांच्या ताटात असे. तिथून ते गेले, इस्तंबूलमध्ये राहिले. बहिणीने ते दोन चमचे खाल्ल्यावर मी तिला अर्थ सांगितला. ती शाकाहारी. पुढचे पाच मिनिटे तिने माझ्याशी अबोला धरला, मग चौकोनात खूण केली. कझानदिबी आता पुष्कळ ठिकाणी कोंबडीविना करतात, पण शाकाहारी माणसाने विचारून घ्यावे हे बरे.

मी स्वतः काही मागवले नव्हते. वेटर म्हाताराच होता. त्याने माझ्यासमोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि आवाज उतरवून विचारले, “शेकेर वार?” ‘वार’ म्हणजे ‘आहे’ हे तोवर आम्हाला ठाऊक झाले होते आणि ‘शेकेर’ हा तर आपल्या शर्करेचाच फारसीमार्गे तिकडे गेलेला अवतार. साखर आहे का? मला वाटले, तो चहाविषयी विचारतो आहे. पण त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून पुन्हा म्हटले, “मलाही शेकेर आहे.” तेव्हा उलगडा झाला. तुर्की माणूस मधुमेह झाला की ‘मला साखर आहे’ असे म्हणतो. आपण ‘त्यांना शुगर आहे’ म्हणतो तसेच. मधुमेहीला तिथे ‘शेकेर हस्तासी’ म्हणतात, साखरेचा रुग्ण. आणि त्यातला ‘हस्ता’ हाही फारसी ‘खस्ता’च, आपण ज्या खाल्ल्या म्हणतो त्या खस्तांचा सख्खा भाऊ.

मी मान हलवली. हो, आहे.

हे खोटे मी का बोलले याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. म्हातारा आत गेला आणि एका लहान बशीत सुत्लाचचा, म्हणजे भट्टीत वरून भाजलेल्या तांदळाच्या खिरीचा, अर्धा भाग घेऊन आला. एवढ्याने काही होत नाही, अशी खूण त्याने हाताने केली. मी चमचाभर खाल्ले. चांगले होते असावे. चवीकडे माझे लक्ष नव्हते.

त्यानंतरच्या दिवसांत मी तिथल्या मिठायांकडे जरा निरखून पाहू लागले आणि एक गोष्ट ध्यानात आली. यादीतल्या बहुतेक पदार्थांना आपापली तिथी आहे, आणि आम्ही ते सारे तिथीविना खात होतो. ‘ग्युल्लाच’ हे रमजानचे पक्वान्न: स्टार्चचे कागदासारखे पातळ पापुद्रे गुलाबपाणी घातलेल्या दुधात भिजवायचे, मध्ये अक्रोड किंवा बदाम, वर डाळिंबाचे दाणे. दिवसभराच्या उपवासानंतर पोटाला जड होऊ नये म्हणून केलेले. आम्ही पोचलो तेव्हा रमजान संपून महिना उलटला होता. दोन दुकानांत आता नाही म्हणून सांगितले. तिसऱ्यात मिळाले, पण ते चैत्रात तिळगूळ मिळावा तसे. रमजाननंतरच्या ईदेलाच तिकडे ‘शेकेर बायरामी’, साखरेचा सण, असेही म्हणतात.

‘आशुरे’चेही तसेच. मोहरमच्या दहाव्या दिवसाचे हे नाव, अरबीतल्या ‘दहा’वरून आलेले. प्रलयानंतर नूहची नौका डोंगराला टेकली तेव्हा कोठारात उरलेसुरले जे होते ते सारे एका भांड्यात शिजवले, अशी कथा. म्हणून त्यात गहू, हरभरे, पांढरे घेवडे, तांदूळ, सुके जर्दाळू, अंजीर, मनुका, अक्रोड असे सगळे एकत्र. आपल्या खपली गव्हाच्या खिरीत कोणीतरी वाणसामानाचे अख्खे दुकान ओतावे असा प्रकार. हे घरी थोडे करत नाहीत. मोठ्या पातेल्यात करतात आणि वाट्या भरून शेजाऱ्यांकडे पाठवतात. अलेवी पंथाचे लोक मोहरममध्ये करबलाच्या शोकात बारा दिवस उपास करतात आणि त्यानंतर आशुरे शिजवतात. म्हणजे तीच वाटी एका घरी जीव वाचल्याची कृतज्ञता आणि शेजारच्या घरी हुतात्म्यांचे सुतक. आर्मेनियन ख्रिस्ती लोक नाताळ-नववर्षाच्या सुमारास जवळजवळ हाच पदार्थ ‘अनुशाबुर’ या नावाने करतात. मी तो एका दुकानात, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या पेल्यातून खाल्ला. आपण परीक्षेत मुलांना ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ म्हणून एखादी ओळ देतो, ती ज्याने कविता वाचलेलीच नाही अशा विद्यार्थ्याच्या हाती पडावी, तशी माझी गत होती. ओळ समोर होती. संदर्भ नव्हता.

ओरहान पामुक यांच्या २०१४ सालच्या कादंबरीचा नायक मेवलुत इस्तंबूलच्या गल्ल्यांतून हिवाळ्याच्या रात्री बोझा विकत हिंडतो. धान्य आंबवून केलेले हे दाट, आंबट-गोड पेय. त्याचे गिऱ्हाईक चवीपेक्षा त्याच्या हाळीसाठी त्याला वर बोलावते, असे ती कादंबरी वाचताना मला वाटले होते. यादीत बोझा होता. मे महिन्यात तो पिण्यात मला स्वारस्य नव्हते.

‘लोकुम’ मात्र बाराही महिने मिळतो आणि प्रवाशाला तो टाळता येत नाही. दुकानदार हातावर तुकडा ठेवतातच. हाजी बेकिर नावाच्या हलवायाने इस्तंबूलमध्ये १७७७ साली थाटलेले दुकान आजही आहे. साखर आणि स्टार्च पाण्यात तासन्‌तास घोटायचे, ताटात थापायचे, तुकडे करून पिठीसाखरेत लोळवायचे, कृती एवढीच. त्याचे जुने नाव ‘राहत-उल-हुल्कूम’, घशाला आराम. त्यातली ‘राहत’ आपल्याला हिंदी-उर्दूतून चांगली परिचित आहे. आजारी माणसाच्या घशाला आराम पडावा अशा हेतूचे नाव एका मिठाईला आहे, ही गोष्ट मला त्या दुकानात उभी असताना फार बोचली. मी एक लहान डबा घेतला. कोणासाठी, ते ठरवले नव्हते.

इस्तंबूलहून आम्ही विमानाने गाझीआंतेपला गेलो. तिथले लोक नुसते ‘आंतेप’ म्हणतात आणि पिस्त्यालाही ‘आंतेपचे फिस्तिक’. बकलावाचे हे माहेर. २०१३ साली युरोपीय संघाने आंतेपच्या बकलाव्याला भौगोलिक नामांकन दिले; तुर्कस्तानच्या कोणत्याही पदार्थाला मिळालेले ते पहिले. एका कारखान्याच्या काचेतून आम्हाला काम पाहता आले. पांढऱ्या टोप्या घातलेले कारागीर बारीक, लांब लाटण्याने पीठ लाटत होते आणि दर लाटणीला स्टार्चची मूठ उधळत होते. हवेत पांढरा धूर. पारी इतकी पातळ की खालच्या संगमरवराच्या रेषा दिसाव्यात. अशा चाळीसेक पाऱ्या एकावर एक, मध्ये कोवळेपणीच तोडलेल्या हिरव्यागार पिस्त्याचा चुरा, वरून साजूक तूप, मग भट्टी, मग पाक. स्टार्च का, असे बहीण विचारू लागली तेव्हा मी म्हटले, “साटा गं. आई तांदळाची पिठी आणि तूप लावायची ना, तोच. पापुद्रे चिकटू नयेत म्हणून.” बोलून गेले आणि मग गप्प झाले.

बकलावा खाण्याची तिथली रीत अशी सांगतात की तुकडा उलटा करून तोंडात घालायचा, म्हणजे पाकाने भिजलेला तळ टाळूला लागतो. आणि काटा रुतवताना कुर्रकन आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर बकलावा शिळा किंवा कारागीर कच्चा. उस्मानी सुलतान रमजानच्या पंधराव्या दिवशी आपल्या जानिसरी सैनिकांना तोपकापी राजवाड्यातून बकलाव्याची ताटे देत असे, दर दहा सैनिकांमागे एक ताट, आणि ती ताटे मिरवत नेली जात. १८२६ साली सुलतान दुसऱ्या महमूदने ते सैन्यच मोडून काढले. मिरवणूक गेली, बकलावा राहिला. मी कोपरा मोडून खाल्ला. कुर्रकन आवाज आला. उरलेला बहिणीने संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘कात्मेर’. हा आंतेपचा नाश्ता: पारदर्शक पारीत घट्ट साय, साखर आणि पिस्ता घालून चौकोनी घडी घातलेली, भट्टीत भाजलेली, साटोरीची श्रीमंत चुलत बहीण म्हणावी अशी. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी नवपरिणीत जोडप्याने कात्मेर खायचे, अशी तिथली रीत. आमच्या शेजारच्या टेबलावर दोन ट्रकचालक तो खात होते. तिथी पुन्हा हुकली.

‘क्युनेफे’ खरे तर अंताक्याचे. यादीतही अंताक्या असेच लिहिले होते. यादी कोणत्या तरी जुन्या मजकुरावरून उतरवलेली असावी. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने अंताक्याचे जुने शहर जवळजवळ नाहीसे केले. एकट्या तुर्कस्तानात त्या भूकंपाने पन्नास हजारांहून अधिक माणसे मारली. आंतेपमध्येही किल्ल्याचे बुरूज ढासळले. क्युनेफे आम्ही आंतेपमध्येच खाल्ले, अंताक्याहून आलेल्या एका माणसाच्या लहानशा दुकानात. शेवयांसारखे बारीक ‘कादायिफ’चे धागे लोण्यात चोळून पितळी थाळीत दाबायचे, मध्ये बिनमिठाचे ताजे चीज, वर पुन्हा धागे, दोन्ही बाजूंनी लालसर भाजून वरून पाक. गरमच खावे लागते, निवले की चीज ताठते. दुकानाच्या भिंतीवर एका जुन्या बाजाराच्या गल्लीचे छायाचित्र होते. बहिणीने त्याकडे बोट करून काही विचारले. त्याने दोन्ही तळहात उपडे केले आणि हळूच खाली नेले. एवढेच. त्या दिवशी बहिणीने यादी काढली नाही.

इझमीर हे आमचे शेवटचे ठिकाण. समुद्राकाठचे मोकळे, हसतमुख शहर. केमेराल्ती बाजारातून आम्ही बाहेर पडलो तर रस्त्याच्या कडेला एक लहान गाडा आणि त्यामागे तीस-चाळीस माणसांची रांग. मोठ्या कढईत उकळते तेल, वर एक यंत्र, त्यातून पिठाची कडी टपकन पडते, फुगते, सोनेरी होते. झाऱ्याने काढून पाकात, पाकातून कागदी द्रोणात. ‘लोकमा’! बहिणीच्या यादीतले नववे नाव. इझमीरचा लोकमा मध्ये भोक असलेला असतो, हे तिने वाचले होते. रांग आहे म्हणजे दुकान प्रसिद्ध असणार, असे म्हणून आम्ही उभ्या राहिलो. रांगेत विद्यार्थी होते, टॅक्सीवाले, हातात भाजीच्या पिशव्या असलेल्या बायका, एक टायवाला बँकेतला माणूस असावा. आमची पाळी आली. गाड्याशी उभ्या असलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने दोन द्रोण पुढे केले. मी पाकीट उघडले. त्याने उजवा हात छातीवर ठेवला आणि मान हलवली. मला वाटले, सुटे नाहीत. मी मोठी नोट परत ठेवून लहान काढली. त्याने पुन्हा तसेच केले आणि आता तो थोडा अवघडला.

मागे उभ्या असलेल्या विद्यार्थिनीने मला हलकेच बाजूला घेतले. तिने गाड्यावरचा फलक दाखवला. त्यावर एक नाव होते. “याचे आजोबा,” ती म्हणाली. “आज चाळिसावा दिवस आहे.”

इझमीरमध्ये माणूस गेल्यावर सातव्या, चाळिसाव्या किंवा बावन्नाव्या दिवशी त्याच्या नावाने रस्त्यावर लोकमा तळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देतात. पैसे घेत नाहीत. ओळखपाळख लागत नाही, निमंत्रण लागत नाही, धर्म कोणी विचारत नाही. जो वाटेने जाईल त्याने खायचे. आणि खाणाऱ्याने म्हणायचे ते त्या मुलीने मला शिकवले: “अल्लाह काबुल एत्सिन.” तिने अर्थ सांगायला तोंड उघडले, पण त्याची गरज नव्हती. काबुल म्हणजे कबूल. देवाने ते कबूल करावे. मी त्या मुलाकडे परत गेले आणि माझ्या वाईट उच्चारांत ते म्हटले. तो हसला नाही. त्याने मान लववली, जशी आपण कोणी भेटायला आल्यावर लववतो.

मी तिला ‘लोकमा’चा अर्थ विचारला. “एका वेळी तोंडात मावेल एवढे,” ती म्हणाली. घास. उर्दूतला लुकमा. काकघास, गोग्रास या शब्दांशी ज्याचे नाते लावायला कोणत्याही व्युत्पत्तिकोशाची गरज नाही, असा शब्द. घाटावर तासभर आम्ही ज्याची वाट पाहत होतो तो घास घेणारा इथे रांग लावून उभा होता. टायवाला, पिशवीवाली, मी.

आम्ही कठड्यावर बसून खाल्ले. वरून कुरकुरीत, आत पोकळ आणि पाकाने भरलेले. दात लावला की पाक हनुवटीवर येतो. आमच्याबरोबर बसलेली ती मुलगी पुष्कळ बोलकी होती. लोकमा हे सगळ्या गावासाठी, ती म्हणाली, पण घरात आम्ही हेल्वा करतो. माणूस गेला की त्याच दिवशी किंवा नंतर घरातल्या आणि शेजारच्या बायका जमतात. रवा आणि चिलगोजे लोण्यात भाजायला घेतात, चिलगोज्यांचा रंग तांबूस होईपर्यंत. अर्धा-पाऊण तास सहज लागतो. हात दुखले की झारा दुसरीच्या हाती द्यायचा. ढवळताना प्रार्थना म्हणायची किंवा गेलेल्या माणसाविषयी बोलायचे. भाजण्याचा वास त्याच्या आत्म्यापर्यंत पोचतो, असे तिची आजी म्हणे. मग साखर घातलेले दूध ओतायचे, झाकण ठेवायचे, वाट्या भरून वाटायच्या. तुर्कीत एखाद्याचा हेल्वा भाजला म्हटले की तो गेला असे समजायचे, हे सांगताना ती हसली. “यादीत हेल्वा आहे का?” तिने बहिणीला विचारले. होता, सातव्या क्रमांकावर. ‘आइस्क्रीमबरोबर घ्यावा’ अशा टिपेसह.

रवा, तूप, दूध, साखर. हा आपला प्रसादाचा शिराच. आपल्याकडे तो सत्यनारायणाचा, बारशाचा, पास झाल्याचा. मृत्यूच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठले-भात येतो आणि गोडाला तेराव्याशिवाय हात लागत नाही. यातली कोणती रीत अधिक शहाणी असा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. मला फक्त असे दिसत होते की आमच्या स्वयंपाकघरात बायका जमल्या आहेत, झारा एकीकडून दुसरीकडे जातो आहे, आणि माझ्याही हाती आला आहे.

आईच्या कपाटाची आवराआवर मी तिच्या निधनानंतर पंधरा दिवसांनी केली होती. तिच्या एका नेसत्या साडीच्या पदराला गाठ होती. सोडून पाहिले तर आत संक्रांतीचा हलवा. काटेरी, पांढरे, दोन-चार केशरी, मोजून सतरा दाणे. जानेवारीतले. पावसाळी हवेने पाझरून ते एकमेकांना चिकटले होते. म्हणजे ते तिने खाल्ले नव्हते, साठवले होते. किंवा रोज एक याप्रमाणे खात असावी आणि सतरा उरले असावेत. मी त्या दोन्ही शक्यतांचा पुष्कळ विचार केला आहे. ते दाणे मी तेव्हा धुण्याच्या बादलीत टाकून दिले, साडीला मुंग्या लागतील म्हणून.

“ताई, पाक सांडतोय,” बहीण म्हणाली. माझा द्रोण रिकामा झाला होता. तिने स्वतःच्या द्रोणातले दोन मला दिले. मी तेही खाल्ले. तिने चौकोनात खूण केली की नाही, पाहिले नाही.

ऑगस्टमध्ये दादाकडे वर्षश्राद्ध होते. लोकुमचा तो डबा तोवर माझ्या कपाटात बंदच होता. पान मांडले जात असताना मी तो घेऊन गेले. गुरुजींनी डबा हातात घेतला, उघडला, एक तुकडा उजेडाकडे धरून पाहिला.

“हे काय आहे ताई?”

“मिठाई आहे. बाहेरगावाहून आणलीय. आईसाठी.”

“यात अंडे, जिलेटिन असले काही नाही ना?”

“नाही. साखर आणि मक्याचे स्टार्च. वर पिठीसाखर.”

दादा माझ्याकडे पाहत होता. मामाही. गुरुजींनी पिठीसाखरेची बोटे धोतराला पुसली.

“मग वाढा,” ते म्हणाले. “पण आधी खीर वाढून घ्या.”